रबरी ठसे, शाई आणि हाताने घडविलेली शुभेच्छापत्रे

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी यांसारख्या गावी तहसील कचेरीच्या अथवा न्यायालयाच्या आसपास, अर्जनवीस, मुद्रांकविक्रेते आणि झेरॉक्सवाले यांच्या शेजारी, ‘रबरी शिक्के तयार करून मिळतील’ अशी पाटी लावलेले एखादे लहानसे दुकान बहुधा आढळते. आणि अशा दुकानात घडलेला शिक्का मुख्याध्यापकांच्या मेजावर, सरपंचांच्या पिशवीत किंवा अडत्याच्या गादीवर जाऊन पोचला, की त्याच्या एका दाबाने कोऱ्या कागदाला दाखल्याचे, पावतीचे किंवा हुकमाचे स्वरूप प्राप्त होते. कचेरीतील हेच साधन शुभेच्छापत्र घडविण्याच्या कामी किती समर्थ आहे, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री हिंगोलीसारख्या जिल्ह्यात किती सहजतेने हाताशी येते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे. या कलेचे मर्म ठसा, शाई आणि कागद या तिघांच्या मेळात आहे. हा मेळ ज्याला साधला त्याचे काम अल्प खर्चात उत्तम होते, आणि ज्याला साधला नाही त्याला दुकानातील महाग सामग्रीही फारशी उपयोगी पडत नाही.

ठशाची जुनी परंपरा

कागदावर ठसा उमटवून मजकुराला प्रतिष्ठा देण्याची रीत आपल्याकडे पुरातन आहे. मराठेशाहीतील मोडी दस्तऐवज पाहिले, तर पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि मजकूर संपल्याच्या जागी मोर्तब असा दुहेरी बंदोबस्त त्यांत दिसतो. वरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते आणि खालचे मोर्तब मजकुराची सीमा निश्चित करून पुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये याची तजवीज करते. हिंगोलीचा प्रदेश निजामाच्या अंमलाखाली होता आणि खुद्द हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावणीचे ठिकाण होते. त्यामुळे सनदा, हुकूमनामे आणि त्यांवरील मोहरा यांचा परिचय येथल्या जुन्या घराण्यांना चांगलाच होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे टपालखातेही स्वतंत्र होते. त्याचे पहिले तिकीट १८६९ साली निघाले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतीय संघराज्यात आल्यानंतर १९५० साली ते खाते भारतीय टपालात सामावले गेले.

राजदरबाराबाहेरही ठशाचा संचार तितकाच मोठा आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजनीय असलेले नरसी याच जिल्ह्यात आहे. वैष्णव परंपरेत ओल्या गोपीचंदनात धातूची मुद्रा बुडवून शंख-चक्रादी चिन्हे अंगावर उमटविण्याचा प्रघात आहे. तेथे कागदाच्या जागी देह आणि शाईच्या जागी माती आहे, एवढाच फरक. लग्नपत्रिका छापखान्यातून कितीही सुबक होऊन आली, तरी तिच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाचे बोट लागल्याखेरीज ती मंगलकार्याची होत नाही, आणि उलटपक्षी दुःखद वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडलेला पाहताच मजकूर वाचण्यापूर्वीच घरातील वडीलधारी माणसे ते काय आहे हे ओळखीत. हाताने केलेली लहानशी खूण छापील मजकुरापेक्षा अधिक बोलते, हे आपल्या समाजाला पूर्वीपासून ठाऊक आहे. हाताने घडविलेले शुभेच्छापत्र याच जाणिवेवर उभे असते.

शुभेच्छापत्रांची छापील प्रथा मात्र अलीकडची. इंग्लंडात हेन्री कोल या गृहस्थाने १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचे कार्ड काढवून घेतले, तेव्हापासून तिचा प्रसार झाला. आपल्याकडे दिवाळीची भेटकार्डे आणि संक्रांतीला चिमूटभर हलव्यासह पाकिटातून जाणारी तिळगुळाची कार्डे या रूपाने ती प्रथा घरोघर रुजली.

रबराचा गुण

लाकडाचा किंवा पितळेचा ठसा कठीण असल्यामुळे कागद थोडासा खडबडीत असला तरी उंच भागावर तेवढी शाई लागते आणि खोलगट भाग कोरा राहतो. रबर दाबाखाली किंचित दबते, कागदाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते आणि दाब सुटताच पुन्हा मूळ आकारावर येते. एवढ्या एका गुणामुळे ते ठशाच्या कामी सर्वश्रेष्ठ ठरले. तथापि झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होत असे. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकासह रबर तापविल्यास हा दोष जातो असे शोधून काढले, आणि १८४४ साली त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना ठिकठिकाणी एकमेकांशी जखडतात, त्यामुळे त्याला स्थैर्य येते आणि लवचीकपणाही राहतो. यानंतरच्या दोन-तीन दशकांत रबरी शिक्के प्रचारात आले.

शिक्के घडविण्याची जुनी रीत छापखान्याशी निगडित होती. शिशाचे खिळे जुळवून मजकूर बांधावयाचा, तो उष्ण दाबयंत्रात साच्याच्या पुठ्ठ्यावर दाबून खोलगट साचा तयार करावयाचा, आणि त्या साच्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर काही मिनिटे दाबून धरावयाचा, म्हणजे मजकूर रबरावर उठून येई. पुढे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाचे, म्हणजे फोटोपॉलिमरचे, पारदर्शक ठसे आले. त्यांत चित्राची निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश दिला, की प्रकाश पोचलेला भाग घट्ट होतो आणि उरलेला धुऊन निघून जातो. आता लेसरने थेट रबर कोरणारी यंत्रेही आहेत. शुभेच्छापत्रे करणाऱ्याने लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी, की शिक्के करणाऱ्या कारागिराकडे आपण स्वतः काळ्या शाईने काढलेले रेखाचित्र नेले, तर तो पद-हुद्द्याच्या शिक्क्याइतक्याच सहजतेने त्याचाही ठसा करून देऊ शकतो. औंढा नागनाथाच्या मंदिराच्या खालच्या भागातील यादवकालीन कोरीव काम ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला नक्षीच्या नमुन्यांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. तेथील एखादा वेल किंवा पट्टी वहीत उतरवून घ्यावी आणि ती सुबोध रेषांत बसवावी.

घरी ठसा कोरावयाचा असल्यास मोठे, मऊ खोडरबर पुरते. चित्र पेन्सिलीने ट्रेसिंग कागदावर काढून तो कागद रबरावर उलटा ठेवून घासला, की पेन्सिलीची रेषा आपोआप उलटी उतरते आणि छाप सुलटा येतो. कोरताना पाते रेषेच्या बाहेरच्या बाजूस तिरके धरावे, म्हणजे रेषेच्या तळाशी आधार राहतो आणि ती दाबाखाली वाकत नाही. शाळेतील ठसेकामात भेंडीचा आडवा काप, बटाट्याचे अर्ध आणि पिंपळाचे पान यांचे छाप आपण सर्वांनीच उमटविलेले आहेत. रबराचा ठसा ही त्याचीच टिकाऊ पुढची पायरी होय.

देवनागरीची अडचण

रोमी अक्षरांचे सुटे ठसे बाजारात मिळतात आणि ते शेजारी शेजारी उमटवून शब्द सहज जुळतो. देवनागरीत ही रीत फसते, कारण आपल्या अक्षरांना शिरोरेषेने जोडलेले असावे लागते, वेलांटी आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात आणि जोडाक्षरात एक वर्ण दुसऱ्यात मिसळतो. सुटे ठसे हाताने ओळीत मांडू गेले, तर शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. याच अडचणीशी आपल्या आद्य मुद्रकांनी झुंज दिली. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापाच्या साहाय्याने १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्या पद्धतीत खिळ्यांचा प्रश्नच नव्हता, कारण सारे पान हाताने लिहून दगडावर उतरविले जाई. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी टंकाला जे सौष्ठव दिले, त्यामागे अपार परिश्रम होते.

ठसे करणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा असा, की ‘शुभ दीपावली’, ‘विजयादशमीच्या शुभेच्छा’ किंवा ‘तिळगूळ घ्या’ असा मजकूर सबंध एकाच तुकड्यावर कोरवून घ्यावा आणि सुट्या अक्षरांच्या फंदात पडू नये. अक्षर बारीक असू नये. ‘भ’, ‘ध’, ‘ळ’ यांच्या गाठींतील पोकळी लहान राहिली, की तीत शाई साचते आणि अक्षर बुजून जाते. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेषांचे अक्षर ठशात विशेष उठून दिसते.

शाईचे प्रकार आणि हिंगोलीची हळद

शाई दोन जातींची. एकीत रंगद्रव्य पूर्ण विरघळलेले असते. ती कागदाच्या तंतूंत शिरते, लवकर वाळते, पण कच्च्या कागदावर पसरते आणि उजेडात कालांतराने फिकी पडते. कचेरीतील परिचित जांभळी शाई सामान्यतः याच जातीची. दुसरीत रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात; ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात, रेषा रेखीव राहते आणि रंगही टिकतो, मात्र वाळण्यास वेळ लागतो आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर ती दीर्घकाळ ओलीच राहते. हा मंदपणा एका कृतीत उपकारक ठरतो: ओल्या छापावर राळेची बारीक पूड भुरभुरवून जादा पूड झटकली आणि उष्णता दिली, की ती वितळून रेषा उठावदार आणि चकचकीत होते.

मराठी माणसाने शाईच्या व्यवसायातही नाव मिळविले आहे. गणपत कृष्णाजी आपली छपाईची शाई स्वतः तयार करीत. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या तयार करण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यातूनच पुढे कॅमलिनची उभारणी झाली. काजळी खलून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात मिसळलेली काळी शाई तर पूर्वी गावोगाव होत असे, आणि आजही बाह्यरेषांच्या ठशाला तिच्यासारखा गंभीर काळा रंग क्वचितच मिळतो.

हिंगोली जिल्ह्यापाशी याहून खास असा एक रंग आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोली व वसमत येथील हळदीच्या बाजारपेठा सर्वत्र विख्यात आहेत. मृगाच्या सुमारास लावलेली हळद साधारण नऊ महिन्यांनी काढणीस येते; ती शिजवून, वाळवून, ढोलात घोळून झळाळीस आणतात. तिचा पिवळा रंग कुरकुमिन या द्रव्यामुळे असतो. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळदीची शाई करताना तिला कणांची शाई समजूनच वागविले पाहिजे. घरी दळलेली हळद मलमलीच्या कापडातून दोनदा गाळून घ्यावी, कारण एकही भरड कण राहिला तरी तो ठशाच्या बारीक रेषांत अडकतो. मग डिंकाच्या दाट पाण्यात ती खलून पातळ पिठल्याइतकी सरसरीत करावी आणि शाई गादीवर लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरिनचे दोन-चार थेंब घालावे. जाड नमद्याच्या किंवा स्पंजाच्या तुकड्यावर ही शाई पसरली, की गादी तयार झाली. डिंकाचे पाणी नासते, म्हणून ती लागेल तेवढीच करावी.

हळदीचा दुसरा चमत्कार रसायनशास्त्राने सांगितलेला आहे. अल्कली लागताच तिचा पिवळा रंग तांबडा होतो. हळकुंड, टाकणखार आणि लिंबाचा रस यांपासून कुंकू करण्याची आपल्याकडील पारंपरिक कृती हळदीच्या अशाच रंगांतरावर आधारलेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुष्कळ वर्षे एक सुंदर प्रयोग दिलेला होता: पांढऱ्या कागदावर हळदीचा लेप देऊन तो वाळवावा आणि साबणाच्या पाण्याने त्यावर फूल काढून आईच्या वाढदिवसाचे कार्ड तयार करावे. ठसे करणाऱ्याने हाच प्रयोग पुढे न्यावा. हळदीने रंगविलेल्या कागदावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजलेल्या गादीवरून ठसा उमटविला, तर पिवळ्या भूमीवर तांबडी आकृती दृष्टीसमक्ष प्रकट होते, आणि हळद व कुंकू ही दोन्ही मंगलचिन्हे एकाच पदार्थातून एकाच पत्रावर अवतरतात. हा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. म्हणून असे पत्र भिंतीवर न लावता पाकिटात किंवा वहीत ठेवावे, ही सूचना पत्राच्या पाठीवर अवश्य लिहावी.

कागद आणि घडी

मराठवाड्याला कागदाची स्वतःची थोर परंपरा आहे. दौलताबाद-खुलताबादच्या परिसरातील कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी शतकानुशतके प्रसिद्ध होते, आणि दौलताबादी व जुन्नरी कागदाचा मराठी दफ्तरांत मोठा वापर होत असे. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली आणि तिने ही विद्या नव्या काळात जिवंत ठेवली. हातकागदावर ठसा उमटवावयाचा, तर रेषा जाड आणि नक्षी मोकळी असावी. अतिसूक्ष्म नक्षीला गुळगुळीत कार्डशीट बरे. प्रति चौरस मीटर २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद पत्रासाठी योग्य. ए-चार आकाराच्या, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटरच्या तावाचे दोन सारखे भाग करून प्रत्येकाची मध्ये घडी घातली, की दोन पत्रे होतात. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलीच्या टोकाने किंवा विणकामाच्या सुईने त्या जागी रेघ दाबून घ्यावी, आणि शक्य तर कागदाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घडी यावी. आडव्या तंतूंवर घातलेली घडी फुटते आणि पांढरी पडते.

प्रत्यक्ष कृती

मेजावर प्रथम वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या पसराव्या, कारण त्या मऊ आधारामुळे ठशाचा दाब सर्वत्र सारखा बसतो. ठसा मोठा असेल तर तो गादीवर दाबण्याऐवजी उताणा धरून गादीच त्यावर हलक्या हाताने थोपटावी. शाई किती लागली हे तेव्हाच डोळ्यांना दिसते. उजेडाकडे तिरपा धरला असता ठशावर सर्वत्र सारखी ओली चमक दिसली पाहिजे; रेषांमधील खाचांत शाई साचलेली दिसल्यास चिंधीने टिपून घ्यावी. पहिला छाप रद्दी कागदावर घ्यावा. मग ठसा सरळ खाली आणावा, तळहाताचा दाब मध्यभागी आणि बोटांचा चारी कडांवर द्यावा, क्षणभर थांबावे आणि ठसा सरळच वर उचलावा. बहुतेक छाप बिघडतात ते ठसा डोलविल्यामुळे: डोलविलेल्या ठशाची कड कागदाला लागते आणि आकृतीभोवती नको ती रेघ उमटते.

फिकट रंग आधी आणि गडद नंतर, हा नियम पाळावा, नाहीतर गडद शाई फिकट गादीत उतरून ती कायमची मळते. एकदा शाई लावून लागोपाठ दोन छाप घेतले, तर दुसरा पुसट येतो, आणि हा पुसटपणाच दूरचे दाखविण्याच्या कामी येतो: आपट्याची पुढची पाने पहिल्या छापाने आणि मागची दुसऱ्या छापाने उमटविली, की फांदीला खोली येते. एका आकृतीच्या मागे दुसरी दाखवावयाची असल्यास पुढची आकृती आधी पत्रावर छापावी, तीच पातळ कागदावर छापून कात्रीने कापावी, तो तुकडा पत्रावरील छापावर नेमका ठेवावा आणि मग मागचा ठसा त्यावरून बिनदिक्कत मारावा. तुकडा उचलला, की मागची आकृती पुढच्या आकृतीच्या कडेला अचूक थांबलेली दिसते. नवशिक्याचा हात आनंदाच्या भरात सारे पान ठशांनी भरून टाकतो. त्याने निम्मा कागद कोरा ठेवण्याचा संयम शिकावा, कारण पाहणाऱ्याची दृष्टी त्या कोऱ्या जागेतच विसावते.

काम संपताच ठसा ओल्या फडक्याने, लागल्यास सौम्य साबणाने पुसावा. खनिज तेलयुक्त शाईने नैसर्गिक रबर फुगते, आणि पारदर्शक ठसे तीव्र द्रावकांनी व उन्हाने बिघडतात. म्हणून अशी शाई आणि असे द्रावक टाळावे आणि दोन्ही जातींचे ठसे सावलीत ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शाईच्या गाद्या कोरड्या पडतात. कणांच्या शाईची गादी घट्ट झाकण लावून पालथी ठेवली, तर शाई वरच्या थराशी राहते. पावसाळ्यात कागद ओल धरून वाकतो, तेव्हा ताव जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावे आणि छाप वाळण्यास अधिक अवधी द्यावा.

पत्राची पाठवणी

वर सांगितलेल्या मापाचे २५० ग्रॅमी कागदाचे पत्र सुमारे आठ ग्रॅम भरते, पाकिटाचे वजन तीन-चार ग्रॅम. म्हणजे टपालाच्या वीस ग्रॅमच्या मर्यादेत संक्रांतीच्या चिमूटभर हलव्यालाही जागा उरते, आणि साध्या पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट पुरते. हलवा मात्र चपट्या पुडीत पसरून घालावा, म्हणजे पाकिटाला उंचवटा येत नाही. पत्राच्या आतील बाजूस ठसा मारू नये. तेथे आपल्या हस्ताक्षरातील चार ओळीच असाव्या. ठशाचे काम सौंदर्याचे, आणि जिव्हाळ्याचे काम अक्षराचे.

हिंगोलीचा दसरा महोत्सव साऱ्या मराठवाड्यात गाजलेला आहे, आणि या कलेचा आरंभ करण्यास दसऱ्यासारखा मुहूर्त नाही. आपट्याच्या खऱ्या पानाची मागची, उठावदार शिरांची बाजू हळदीच्या गादीवर दाबून पहिला छाप घ्यावा. खोडरबराचा ठसा त्यानंतर, आणि कारागिराकडून करवून घेतलेला शिक्का सर्वांत शेवटी. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला हा क्रम अवश्य राबवावा, कारण त्यात चित्रकला, रसायन, मोजमाप आणि पत्रलेखन अशा चार विषयांचे शिक्षण अल्प खर्चात होते. ज्याने हे काम हाती घेतले, त्याने प्रत्येक नमुन्याचे एक पत्र स्वतःच्या संग्रही ठेवावे आणि त्याच्या पाठीवर तारीख, कागदाची जात व शाईची कृती नोंदवून ठेवावी. दोन-तीन वर्षांत जमणारा हा संग्रह पुढच्या माणसाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक शिकवील.